खुंट आणि डोळा

माळेचा महिना अर्धा सरला, पावसाने पाठ फिरवली आणि अंगणातील चिखल वाळून त्याचे पापुद्रे सुटू लागले की आमच्या हातांस छाटणीच्या कात्रीची आठवण होते. चर्चच्या दक्षिण भिंतीलगत, क्रुसाच्या चौथऱ्यापासून विहिरीपर्यंत, गुलाबांचा एक लांबट वाफा आहे. त्यात मोजून २२ झाडे आहेत. ह्या धर्मग्रामात आमची बदली झाली तेव्हा तेथे गवत आणि फुटकी कौले होती. आज रविवारच्या मिस्सेसाठी वेदीवरील फुले विकत आणावी लागत नाहीत. ऑक्टोबरच्या मध्यास छाटणी केली की साधारणतः ४५ दिवसांनी पहिला बहर येतो आणि ८ डिसेंबरला, पवित्र मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाच्या सणाला, तिच्या चरणी वाहण्यासाठी ओंजळभर गुलाब आमच्याच अंगणातले असतात. हा आमचा एवढाच एक शौक. परंतु गेल्या वर्षी ह्याच वाफ्यात एका नऊ वर्षांच्या मुलाने आम्हांस एक प्रश्न विचारला आणि तो अजून आमची पाठ सोडीत नाही. तो वाचकांपुढे मांडावा म्हणून हा लेखनप्रपंच. त्यासाठी आधी गुलाबाविषयी चार गोष्टी सांगणे भाग आहे.

गुलाबाची भूक मोठी. दिवसाकाठी सहा तास ऊन, पाण्याचा निचरा होणारी जमीन आणि लावतेवेळी दीड-दोन फूट खोल खड्डा, एवढे दिले म्हणजे संपले असे होत नाही. त्याला वर्षभर खाऊ घालावे लागते. छाटणीनंतर आम्ही प्रत्येक झाडास आठ-दहा किलो चांगले कुजलेले शेणखत देतो. त्यात मूठ-मूठ हाडांचा चुरा व निंबोळी पेंड मिसळतो. पेंडीतून झाडाला नत्र मिळते, त्यावर पाने पोसतात. हाडांच्या चुऱ्यातील स्फुरद हळूहळू सुटते आणि मुळांच्या कामी येते. फांद्यांना काटकपणा आणि फुलांना तजेला देणारे पालाश चिमूटभर लाकडी राखेतून मिळते. उन्हाळ्यात विहिरीचे पाणी मचूळ होते तेव्हा पानांच्या कडा करपतात. अशा दिवसांत खताचा हात आखडता घ्यावा लागतो, कारण क्षार आधीच जास्त झालेले असतात.

पहिल्या वर्षी आम्हांस ह्यातले काहीच ठाऊक नव्हते. लवकर फुले यावीत म्हणून आम्ही कोरड्या मातीवर, अगदी बुंध्याला लागून, युरिया टाकला. दोन झाडे आठवड्यात जळाली. जी वाचली त्यांना हिरवीगार, लुसलुशीत पाने फुटली. त्या कोवळ्या शेंड्यांवर मावा बसला आणि फूल मात्र दिसेना. तेव्हा वाडीतल्या एका जुन्या शेतकऱ्याने आम्हांस शहाणे केले. खत बुंध्याशी घालायचे नाही. बुंध्यापासून वीतभर लांब, गोल आळ्यात घालायचे, कारण खाणारी बारीक मुळे तेथे असतात. मातीत ओल असल्याशिवाय घालायचे नाही. आणि फुलाकडे पाहून तर कधीच घालायचे नाही. मुळाकडे पाहून घालायचे. त्या शेतकऱ्याला आपण काही तत्त्वज्ञान सांगतो आहोत असे वाटले नसावे. आम्हांसही तेव्हा ते तसे वाटले नाही.

गुलाबांच्या सोबतीला त्याच वाफ्यात वर्षानुवर्षे टिकणारी आणखी काही झाडे आम्ही लावली आहेत. कडेने अबोली आहे, तिच्या सावलीत माती थंड राहते. मागच्या बाजूस निशिगंधाचे कंद आहेत; गुलाबाचा बहर ओसरला तरी त्यांचे दांडे येत राहतात. मधल्या मोकळ्या जागेत शेवंती आहे. ह्या सोबतिणींना गुलाबापासून दीड फूट तरी दूर ठेवावे लागते, नाहीतर त्याच्या ताटातले त्या खातात. अंतर राखले, ज्याचा त्याचा घास ज्याला त्याला दिला, की मग भांडण नाही. ह्याला शेजार म्हणतात. शेवंतीची तर एक गंमत आहे. फुले येऊन गेली की तिची वरची ताटे वाळतात आणि मुळापासून नवी फूट वर येते. तिला आपल्याकडे काश्या म्हणतात. ह्या काश्या आम्ही जपून वेगळ्या करतो आणि पुढच्या हंगामाची शेवंती त्यांवरच उभी करतो. मुळातून वर येणारी फूट म्हणजे शेवंतीचे भाग्य.

गुलाबाच्या मुळातून वर येणारी फूट मात्र आम्ही उपटून टाकतो. एकाच वाफ्यात, एकाच सकाळी, एकीला ओंजळीत घेतो आणि दुसरीला कचऱ्यात टाकतो. असे का?

कारण गुलाब हे एक झाड नव्हे, ती दोन झाडे आहेत. रोपवाटिकेतून आणलेला मोठ्या फुलाचा गुलाब बहुधा स्वतःच्या मुळांवर उभा नसतो. रानटी किंवा अर्धरानटी जातीच्या काटक गुलाबाची काडी आधी मातीत रुजवतात. तिला खुंट म्हणतात. मग खुंटाच्या सालीवर इंग्रजी टी अक्षरासारखी चीर देऊन, हव्या त्या जातीचा एक डोळा, म्हणजे सालीच्या तुकड्यासह काढलेली एक बारीक कळी, त्या चिरेत बसवितात आणि पट्टीने बांधतात. दोनतीन आठवड्यांत डोळा जीव धरतो. तो फुटू लागला की त्याच्या वरचा खुंटाचा सारा शेंडा छाटून टाकतात. इतकेच नव्हे, तर खुंटाची काडी रुजविण्यापूर्वीच तिच्या खालच्या भागातील तिचे स्वतःचे डोळे चाकूने काढून घेतलेले असतात, म्हणजे पुढे तिला आपली फूट येऊ नये. दुसऱ्याचा डोळा भरण्यासाठी खुंटाला आधी आंधळे केले जाते. ह्यापुढे माती धरणे, पाणी शोधणे, क्षार सोसणे आणि खत पचविणे हे सारे काम खुंटाचे. रंग, गंध आणि नाव डोळ्याचे. एखादे वेळी खुंटाचा राहून गेलेला एखादा डोळा जमिनीखालून फुटतो. ती रानफूट. जोमदार, सरळ, फिकट पानांची. तिला वाढू दिले तर सारे अन्न ती खाते आणि वरचा गुलाब वर्षा-दोन वर्षांत वाळून जातो. म्हणून माती उकरून, ती जेथून निघाली तेथपर्यंत जाऊन, तिला मुळापासून ओढून काढावे लागते. वरून कापली तर बुडाशी राहिलेल्या कळ्यांतून ती दुप्पट फुटते.

गेल्या ऑक्टोबरात आम्ही हेच करीत होतो. प्रथम ख्रिस्तशरीराच्या वर्गातला एक मुलगा आमच्या हाताखाली पाणी घालावयास आला होता. आम्ही त्याला खुंट दाखविला, डोळा भरलेली गाठ दाखविली, रानफूट दाखविली आणि ती का काढायची हे समजावून सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “फादर, मूळ तर ह्याचंच आहे ना? मग ह्यालाच का उपटायचं?”

आम्ही हसलो. त्याला म्हणालो, गुलाब हवा असेल तर असेच करावे लागते. त्याचे समाधान झाले नाही आणि खरे सांगावयाचे तर आमचेही झाले नाही. कारण त्याच दिवशी दुपारी आम्हांस एका कामासाठी आमच्या बहिणीकडे जायचे होते आणि त्या कामाचा कागद सकाळपासून आमच्या टेबलावर पडून होता.

आम्ही तिघे भावंडे. थोरली बहीण, मधले आम्ही आणि धाकटा भाऊ. बहिणीला आम्ही बाय म्हणतो. ती सातवी पास झाली त्या वर्षी आईने अंथरूण धरले. आम्ही तेव्हा पाचवीत होतो. वडिलांनी बायला शाळेतून काढले. तिने वाडीला पाणी लावले, आईचे केले, आम्हां दोघांचे डबे केले. पुढे मोठी झाल्यावर पहाटेच्या गाडीने फुलांची व भाजीची टोपली घेऊन ती दादरला जाऊ लागली. त्या टोपलीतून आमची शाळा झाली आणि आम्ही पुण्याच्या सेमिनरीत गेलो तेव्हा घरातून निघालेल्या ट्रंकेतील प्रत्येक वस्तू त्याच टोपलीतून आली होती. तिला परिचारिका व्हावयाचे होते, हे आम्हांस कोणी सांगितल्याचे स्मरत नाही; पण ते आम्हांस ठाऊक होते. आमची गुरुदीक्षा झाल्यावर तिचे लग्न झाले. तोवर तिचे वय बरेच वाढले होते.

आमच्या गुरुदीक्षेच्या रौप्यमहोत्सवी समारंभात आम्ही आभाराचे भाषण केले. महागुरुस्वामींचे, सहकारी धर्मगुरूंचे, शिक्षकांचे, मंडप घालणाऱ्यांचे, गायकवृंदाचे, सर्वांचे आभार मानले. आईवडिलांचे स्मरण करताना आमचा कंठ दाटून आला. बाय त्या वेळी मंडपामागे जेवणाच्या पातेल्यांजवळ होती. तिचे नाव आमच्या कागदावर नव्हते. आम्ही ते वगळले नव्हते. ते आम्हांस सुचलेच नव्हते.

आणि आता तो टेबलावरचा कागद. वडील मृत्युपत्र न करता निवर्तले. आई त्यांच्या आधीच गेली होती. वाडीच्या जमिनीला आज जो भाव आला आहे तो आमच्या भागातील प्रत्येक कुटुंबाला माहीत आहे. धाकट्याला तेथे घर बांधावयाचे होते, त्यासाठी बहिणीचे हक्कसोडपत्र हवे होते, आणि फादरचा शब्द ती मोडणार नाही म्हणून ते काम आमच्याकडे आले. आम्ही कागद घेऊन गेलो. चहा झाला. आम्ही कागद पुढे केला आणि सही कोठे करावयाची ते बोटाने दाखविले. बाय चारचौघांत आम्हांस फादर म्हणते आणि घरात एकेरीने बोलते. त्या दिवशी घरात दुसरे कोणी नव्हते. तरी ती म्हणाली, “सही द्यायला माझी ना नाही. पण फादर, तुम्ही विचारायला आलात की सांगायला?”

आम्ही कागद पुन्हा पिशवीत घातला.

आम्ही चर्चच्या व्यासपीठावरून त्यागावर किती प्रवचने दिली असतील ह्याची गणती नाही. परंतु सेमिनरीतील तर्कशास्त्राच्या गुरुजनांनी शब्दाची व्याख्या आधी करा असे जे बजावले होते, ते ह्या शब्दाच्या बाबतीत आम्ही विसरलो होतो. आपल्या मराठीत दोन शब्द आहेत : त्याग आणि बळी. त्याग जो तो स्वतः करतो. बळी दुसऱ्याकडून दिला जातो. त्यागाला तीन गोष्टी लागतात. देणारा कोण हे ठरलेले असावे लागते, आपण काय देत आहोत हे त्याला उमगलेले असावे लागते, आणि नाही म्हणण्याची मुभा त्याला असावी लागते. प्रभू येशूने आपल्या मरणाविषयी बोलताना हीच गोष्ट स्पष्ट केली होती : प्राण आपल्याकडून कोणी हिरावत नाही, आपण तो स्वेच्छेने देतो. त्याच्या क्रुसाला त्याग म्हणण्याचा अधिकार आपल्याला ह्या स्वेच्छेमुळेच मिळतो. सातवीतल्या मुलीला नाही म्हणण्याची मुभा नव्हती. तिच्या वतीने दुसऱ्यांनी ठरविले आणि मग चाळीस वर्षे आपण सर्वांनी त्याला तिचा त्याग म्हटले. असे म्हणणे सोयीचे असते. त्यागाबद्दल कौतुक करावे लागते. बळीबद्दल उत्तर द्यावे लागते.

येथे एक गोष्ट सांभाळली पाहिजे. बायचे आयुष्य म्हणजे केवळ अन्यायाची कहाणी, असे म्हटले तर तोही तिच्यावर दुसरा अन्याय होईल. तिने तो भार चिडून वाहिला नाही. आईच्या अंथरुणाशी ती गाणी म्हणत असे. प्रेम तिचे होते. निर्णय तिचा नव्हता. ह्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, आणि पहिली खरी आहे म्हणून दुसरी पुसली जात नाही.

वडिलांच्या बाजूनेही बोलले पाहिजे, कारण ते आता बोलू शकत नाहीत. अंथरुणावर बायको, तीन मुले, चार गुंठ्यांची वाडी आणि हाती पैसा नाही. सर्वांना शिकविणे शक्य नव्हते. एकाला पुढे काढावे, म्हणजे तो सर्वांना वर ओढील, असा त्यांचा हिशेब होता आणि त्या काळी घरोघर हाच हिशेब होता. माळी जसा एका डोळ्यासाठी खुंट घेतो तसाच. त्यांना आम्ही दोष देत नाही. परंतु गरिबीने घ्यावयास लावलेला निर्णय निर्दोष असला तरी तो फुकट नसतो. त्याची किंमत कोणी तरी भरते, आणि ज्याच्यासाठी ती भरली गेली त्याच्या नावावर ते देणे राहते. वडील निर्दोष होते म्हणून आम्ही ऋणमुक्त होत नाही. किंबहुना त्यांच्याजवळ दुसरा मार्ग नव्हता आणि आमच्याजवळ आहे, म्हणून आमची जबाबदारी अधिक आहे.

संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात कलमाचा दृष्टान्त दिला आहे. तेथे रानटी जैतुनाची फांदी बागेतल्या जैतुनावर बसविली आहे. म्हणजे गुलाबाच्या अगदी उलट, मूळ कुलीन आणि फांदी रानटी. पण त्याचा इशारा दोन्हींना लागू पडतो. कलम झालेल्या फांदीने तोरा मिरवू नये. मुळाला तिने उचललेले नाही, मुळाने तिला उचलले आहे. हा अध्याय आम्ही कितीदा समजावून दिला असेल! त्यातील फांदी आम्हीच आहोत हे मात्र कधी ध्यानी आले नव्हते.

संत थॉमस अक्वायनस ह्यांनी ‘सुम्मा थिओलॉजिया’ ह्या ग्रंथात कृतज्ञतेच्या पायऱ्या सांगितल्या आहेत. उपकार ओळखणे ही पहिली, त्याबद्दल आभार व्यक्त करणे ही दुसरी आणि योग्य वेळी, योग्य ठिकाणी, आपल्या ऐपतीप्रमाणे त्याची परतफेड करणे ही तिसरी. कृतघ्नतेचा क्रम त्यांनी उलटा लावला आहे. परतफेड न करणे वाईट. आभार न मानणे त्याहून वाईट. आणि उपकार झाला हेच न ओळखणे, विसरून जाणे, हे सर्वांत वाईट. विद्यार्थिदशेत आम्हांस हा क्रम विचित्र वाटला होता. विसरणे हा काही गुन्हा आहे काय? रौप्यमहोत्सवातील त्या भाषणानंतर आम्हांस तो क्रम कळला. बुडविणाऱ्याला निदान आपण बुडवितो हे ठाऊक असते. विसरणाऱ्याच्या लेखी खुंट नसतोच. तो आपल्याच मुळांवर उभा असतो.

गुलाबांच्या जगात ह्याची एक बोलकी गोष्ट आहे. १९२० साली अमेरिकेत ‘डॉ. ह्यूई’ नावाचा गर्द लाल वेलगुलाब बागांत आला. कॅप्टन जॉर्ज थॉमस ह्यांनी तो निर्माण केला आणि ज्या दंतवैद्य मित्राने आपल्याला गुलाबांचा नाद लावला त्याचे नाव त्याला दिले. फूल देखणे होते, नावही कृतज्ञतेने ठेवलेले होते. पुढे लक्षात आले की ह्या जातीचा खुंट फार उत्तम होतो. मग तो फुलासाठी लावणे मागे पडले आणि खुंट म्हणूनच तो तेथे सर्वदूर जमिनीखाली गेला. आजही तेथे एखाद्या अंगणातला पिवळा किंवा पांढरा गुलाब थंडीने मरतो, वसंतात त्याच जागी गर्द लाल फुले येतात आणि मालक चकित होऊन म्हणतो, आमच्या गुलाबाने रंग बदलला. रंग कोणी बदललेला नसतो. इतकी वर्षे जो खाली उभा होता तो वर आलेला असतो, आणि मालकाला त्याचे नावही ठाऊक नसते.

ह्या दृष्टान्ताची मर्यादा आम्ही जाणतो. झाडाला इच्छा नाही. खुंटाला कोणी विचारले नाही म्हणून खुंटावर अन्याय झाला असे म्हणणे हा कवीचा अधिकार असेल, नीतिशास्त्राचा नव्हे. म्हणून रानफूट उपटताना आमचा हात थांबण्याचे कारण नाही. परंतु नेमके हेच त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर आहे. झाडाच्या बाबतीत जे चालते ते माणसाच्या बाबतीत चालत नाही, कारण माणसाला विचारता येते. खुंट आणि बहीण ह्यांतला फरक तो एवढाच आहे, आणि ज्या घरात विचारले जात नाही त्या घरात तो फरकही उरत नाही.

आता थोडे व्यवहाराचे. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे ख्रिस्ती व्यक्ती मृत्युपत्र न करता वारली तर मुलगा व मुलगी ह्यांना सारखाच वाटा मिळतो. लग्नात दागिने घातले म्हणून तो कमी होत नाही, की माहेर सुटले म्हणून तो संपत नाही. मग आपल्या धर्मग्रामांत बहिणींची इतकी हक्कसोडपत्रे होतात ती सारी स्वखुशीने होतात काय? काही निश्चितच होतात. प्रेमाने भावाला आपला वाटा सोडून देणाऱ्या बहिणी आम्ही पाहिल्या आहेत आणि त्या सहीला आम्ही खराखुरा त्याग म्हणू. पण सही कोठे करावयाची हे बोट दाखवून सांगितले जाते, नकार दिला तर माहेरचा दरवाजा बंद होईल हे न सांगता कळविले जाते, आणि कागद घेऊन यावयास धर्मगुरू निवडला जातो, तेथे त्या कागदावरचा ‘स्वखुशीने’ हा शब्द खोटा असतो. तेथे आधी न्यायाचा प्रश्न आहे, कृतज्ञतेचा नंतर. जे तिचे आहे ते तिला देणे ह्यात उपकार नाही. तिचे तिला देऊन झाले की मग आपल्या ऋणाची परतफेड सुरू होते.

कोणी म्हणेल, फादर, घरात शांती राहावी म्हणून स्त्रिया सोसतात, ते मोडू नका. शांती आम्हांसही प्रिय आहे. पण ज्या झाडाला वर्षानुवर्षे वरूनच खत घातले आणि मुळाशी काही पोहोचू दिले नाही, ते झाड काही काळ हिरवे दिसते, एवढेच. कौतुक हे पानांवरचे पाणी आहे. सणाला साडी, व्यासपीठावर शाल, निधनानंतर मासिकात दोन ओळी, हे सारे पानांवर पडते. मुळाशी घालावयाचे खत वेगळे आणि ते घालण्यासाठी वाकावे लागते, माती उकरावी लागते, हात घाण होतात. धाकट्या भावाने आमच्याशी दोन महिने अबोला धरला. अजूनही तो पूर्वीसारखा बोलत नाही.

वाडीच्या जमिनीचे तीन वाटे व्हायचे ठरले आहे. आमच्या वाट्याचे काय करावे, हे ठरविण्यापूर्वी आम्ही पुन्हा बायकडे गेलो. ह्या वेळी कागद न घेता. काय हवे, म्हणून विचारले. ती बराच वेळ भांडी आवरीत राहिली. मग म्हणाली, “विहिरीकडचा तुकडा मला हवा. तिथे मी मोगरा लावीन.” तिला काही हवे आहे, हे आमच्या कानांनी प्रथमच ऐकले. ती प्रथमच म्हणाली, असे मात्र आम्ही म्हणणार नाही.

त्या मुलालाही उत्तर देणे होते. त्या दिवशी उपटलेल्या रानफुटीला बुडाशी दोन बारीक मुळे होती. संध्याकाळी बहिणीकडून परतल्यावर ती आम्ही कचऱ्याच्या ढिगातून शोधून काढली आणि वाफ्याच्या टोकाला, विहिरीजवळ, खड्डा करून लावली. ती जगली. तिच्यावर डोळा भरलेला नाही. अजून फूल आलेले नाही आणि येईल ते कोणत्या रंगाचे असेल हे आम्हांस माहीत नाही. यंदाच्या छाटणीनंतर खत घालताना तो मुलगा पाटी घेऊन बरोबर होता. वाफ्यातल्या प्रत्येक गुलाबाला जेवढे शेणखत घातले तेवढेच त्याने त्या झाडाच्या आळ्यातही मोजून टाकले.